मुका खांब

७ जानेवारी १९७३, शेवगाव

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोराचं. डॉक्टर म्हणाले, डावा हात लिहिता करा, उजव्याला वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. म्हणून ही वही. थोडक्यात लिहायचं, लांब शब्द टाळायचे. मुख्याध्यापक म्हणजे यापुढे मु.अ.

मी हायस्कूलचा चित्रकलेचा मास्तर. फळ्यावर एका दमात गोल काढायचो, पोरं टाळ्या वाजवायची. आज 'ळ' काढताना जीभ बाहेर आली. नंदा बघत होती. पोटची पोर, हसू दाबत होती.

९ जाने.

अपघाताबद्दल एकदाच लिहितो. पुन्हा नाही.

दिवाळीची सुटी संपवून नगरहून येत होतो. एस.टी.त खिडकीची जागा. कोपर बाहेर. तिसगावच्या अलीकडे समोरून गुरांच्या छावणीवर कडबा नेणारा ट्रक. कडब्यातून एक लाकूड बाहेर आलेलं. आवाज आठवतो, दुखल्याचं आठवत नाही. कंडक्टर जो येईल त्याला सांगत होता, "आत घ्या म्हनलो हुतो सरांना." म्हणाला होता, खरं आहे. खिडकीखाली लिहिलेलंही होतं. अक्षरांची रंगरंगोटी इतकी वाईट की मी सगळा रस्ता तेच बघत आलो होतो.

हाड बसलं. नस नाही. करंगळी नि शेजारचं बोट आत वळून राहिलीत. चिमटीत कागद धरवत नाही.

१३ जाने.

नगर. दवाखाना. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. करंगळीला काही कळलं नाही. "नस वाढते, पण फार हळू. धीर धरा." शाळा धीर धरेल का, ते त्यांना विचारून उपयोग नव्हता.

बायको, शालिनी, सोबत होती. तिथल्या वयस्कर सिस्टर तिला म्हणाल्या, "तुम्हाला क्रोशा येतो का हो?" मला वाटलं, बायकांच्या गप्पा. शालिनी म्हणाली येतो. "मग ह्यांना शिकवा. चेंडू दाबून जोर येईल, पण बारीक काम केल्याशिवाय बोटं वळायची नाहीत."

शालिनी हसली. बाहेर आल्यावर विचारलं, हसण्यासारखं काय होतं?

"काही नाही. लग्नात विणून आणलेला टेबलक्लॉथ तुम्ही ट्रंकेत ठेवायला लावला होता. घराचं दुकान करू नको म्हणाला होतात."

माझ्या लक्षातही नव्हतं. बायकांच्या बरं लक्षात राहतं.

१५ जाने.

काल संक्रांत. घरोघरचे तिळगूळ घेऊन आले. सगळे आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. काहींचं तोंडाकडे बघायचं राहूनच जातं.

क्रोशा नाही. मी पुरुष माणूस.

२२ जाने.

मु.अ. येऊन गेले. अर्धपगारी रजेचं होईल म्हणाले, पण वर्षाअखेरीस संस्थेच्या लोकांना काहीतरी सांगावं लागेल. "एप्रिलात एकदा शाळेत या. फळ्यावर काढून दाखवा म्हणजे झालं. फॉर्म्यालिटी."

माझ्या तासांवर गोरखला घेतलंय. माझाच विद्यार्थी. सातवीत असताना त्याला मी रंगपेटी दिली होती.

रात्री जेवताना शालिनीला म्हटलं, आण ती सुई.

२३ जाने.

सुई म्हणजे सुई नव्हेच. पोलादी काडी, टोकाला आकडा. इतकी बारीक की माझ्या बोटांना ती हातात आहे हे कळतच नाही. दिसते, म्हणून आहे म्हणायचं. डोळे मिटले की हात रिकामा.

शालिनीने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सुईला गुंडाळली. आता धरता येते. दिसायला भयंकर. दोऱ्याऐवजी नंदाच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर, विटकरी रंगाची.

पहिला धडा: सरकता फास. जमला नाही. शालिनीने करून दिला.

२५ जाने.

साखळी. लोकर डाव्या हाताच्या बोटावरून घ्यायची, सुई उजव्या हातात. आकड्यात लोकर पकडायची नि फासातून ओढून काढायची. एवढंच. नंदाला पाचव्या वर्षी येत होतं म्हणे.

मला ओढता येतं, पण ओढताना आकडा फिरतो नि लोकर सुटते. पुन्हा पकडा. पुन्हा सुटते. शालिनी शेजारी बसून बघत होती. मग म्हणाली, "मनगट नका फिरवू हो. बोटं फिरवा."

म्हटलं, बोटं फिरली असती तर इथं बसलो असतो का?

ती उठून भाकऱ्या करायला गेली.

३० जाने.

शालिनी चांगली मास्तरीण नाही. घाई करते. चुकलं की माझ्या हातातून काढून घेते, सर्रकन उसवते, "पुन्हा." मी पोरांची चित्रं कधी फाडली नाहीत. पाण्याच्या रांगेत सकाळ घालवून आलेली असते, हे समजतं. तरी उसवताना तिच्या तोंडावर काहीतरी दिसतं. समाधान म्हणणार नाही. पण त्याच्याच घराण्यातलं.

४ फेब्रु.

साखळी झाली. वीतभर. कुठे सैल, कुठे इतकी घट्ट की सुई शिरत नाही. सुंभासारखी दिसते.

नंदा म्हणाली, "बाबा, छान आहे." मी पोरांना असंच म्हणायचो, ज्यांना काही येत नसे त्यांना.

११ फेब्रु.

दादा गावाकडून आला. थोरला भाऊ. उन्हाने काळा ठिक्कर पडलाय. तो नि वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडतात. शेत आहे, त्यात माती आहे, बाकी काही नाही.

मी ओट्यावर सुई-लोकर घेऊन बसलेला. त्याने आधी ओळखलंच नाही मी काय करतोय. ओळखल्यावर पायताण काढता काढता थांबला.

"आरं, ह्ये काय लावलंय?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरनं सांगितलं म्हनून बायकांवानी वट्यावर बसायचं? आत तरी बस. लई वंगाळ दिसतं बग."

"आत उजेड नाही."

चहा घेतला. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली. जाताना म्हणाला, "गावाकडं ये म्हनलो आस्तो. पर तितं तरी काय हाय? आन् घन उचलाया बी दोन हात लागत्यात."

खरं तेच बोलला. दादा खोटं कधी बोलला नाही, म्हणून त्याचा राग येतो.

१७ फेब्रु.

आजपासून मुका खांब. साखळीनंतरचा टाका हाच. साखळीच्या घरात सुई घालायची, लोकर ओढून आणायची. सुईवर दोन फास होतात. पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून एकदम काढायची.

विचारलं, मुका का?

"बुटका असतो म्हणून. दिसण्यात येत नाही. पण वीण घट्ट होते."

दोन्हींतून एकदम काढताना माझा आकडा पहिल्यात अडकतो. तिने दाखवलं, मी केलं, अडकलं. तिने दाखवलं, मी केलं, अडकलं. मग कुणीच बोललो नाही. दिवसभर घरात दोन मुके खांब.

२४ फेब्रु.

शर्टाचं वरचं बटण उजव्या हाताने लावलं. कुणाला सांगितलं नाही.

१ मार्च

शेजारच्या दोन मुली दुपारी येऊन बसायला लागल्या आहेत. शकू आणि मंगल. शालिनी मला मोठ्याने सांगते, ते त्यांनी ऐकलं. "काकू, आम्हालापण शिकवा ना." शालिनी म्हणाली या.

दोघी आठवीत. दोघी माझ्या वर्गात होत्या. मंगलला सावली कुठे पडते ते वर्षभर कळलं नाही. आज तिने दोन ओळी सरळ घातल्या. माझ्याकडे वाकून म्हणाली, "सर, तुमचं तिरकं झालंय."

८ मार्च

आता पाच-सहा मुली. मी कोपऱ्यात, खांबाला टेकून. मागच्या बाकावरचा ढ. शालिनी मुलींवर ओरडत नाही, त्यांचं उसवत नाही. "इथं बघ हं, हे घर सुटलं तुझं." असा आवाज तिला आहे, हे मला माहीत नव्हतं.

तिला विचारलं, माझ्यावरच का खेकसतेस?

"त्या चुकतात. तुम्ही रागावून चुकता."

१२ मार्च

माझी पट्टी वर जाईल तशी निमुळती होत चाललीय. खाली चार बोटं रुंद, वर दीड. दूर जाणारा रस्ता काढतात तसा. मला वाटलं वीण घट्ट पडत असेल. शालिनीने बोट ठेवून दाखवलं: प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका मी सोडतोय. कडेचं घर मला दिसतच नाही.

नजरेवर आयुष्य काढलं. पोरांना सांगायचो, आधी नीट बघा, हात मागून येतो.

१६ मार्च

नंदा म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणी येणारेत. तुम्ही आत बसाल का?"

आत बसलो.

२० मार्च

शाळेच्या भिंतीवर कोळशाने कुणीतरी माझं चित्र काढलंय. गोरखने पुसून टाकलं म्हणे, पण त्याआधी मी पाहून आलो होतो. भल्या सकाळी गेलो. नऊवारी, मिशा, हातात सुई. रेघ चांगली होती. मिशांचं वळण थेट माझं. ज्याने काढलं त्याला मीच शिकवलेलं असणार.

घरी येऊन शालिनीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "नऊवारी मी नेसत नाही, तुम्ही कशाला नेसाल." मग मीच हसलो. बऱ्याच दिवसांनी.

६ एप्रिल

पाडवा झाला. गुढीला गाठी नव्हती, दुकानातच आली नाही. पाण्याचा टँकर आला, त्यालाच लोक हात जोडत होते.

कडा सरळ आल्या! निदान एक बाजू. शालिनीने पट्टी दोन्ही हातांत ताणून उजेडात धरली नि परत दिली. उसवली नाही.

पेन्सिल मात्र तशीच. सुई जाड, ट्यूब गुंडाळलेली, आकडा आपोआप लोकरीला धरतो. कागद कशालाच धरत नाही. सरळ रेघ मध्यावर जाऊन थरथरते.

१४ एप्रिल

गोरख आला. पाया पडला. गुणी पोरगं. एलिमेंटरीच्या परीक्षेला मुलं बसवायची आहेत, स्मरणचित्र कसं शिकवायचं ते विचारत होता. सांगितलं. दुपार गेली. उठताना म्हणाला, "सर, तुम्ही आलात की मी लगेच बाजूला होतो."

त्याचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

शालिनी नंतर म्हणाली, "किती छान सांगितलंत त्याला." म्हटलं, सांगायचे पैसे कोण देतंय.

२१ एप्रिल

उद्या नाही, परवा. फळ्यासमोर. अंगणात पाटीवर सराव केला. गोल. पाटीवरचा गोल म्हणजे लाटलेली भाकरी. नंदा पुसून पुसून देत होती.

शालिनी म्हणाली, "डाव्या हाताने काढून दाखवा ना. डाव्याने बरं येतंय आता."

म्हटलं, नोकरी उजव्या हाताला लागली होती.

२३ एप्रिल

संस्थेचे तिघे, मु.अ., नि मी. माझाच वर्ग. फळ्याच्या कडेला गोरखच्या अक्षरात तारीख.

"काढा काहीही," त्यातले जाडे गृहस्थ म्हणाले. काहीही! मी बैल काढणार होतो. पोळ्याचा, शिंगं रंगवलेला. तो मी झोपेतही काढायचो. पाठीची रेघ घेतली, वशिंडापर्यंत आली, तिथं खडू फिरला नि बोटांतून गेला.

खाली पडून तुटला. मी वाकायच्या आत त्या गृहस्थांनी उचलला, माझ्या हातात दिला, वरून माझी बोटं मिटली. पोराच्या हातात गोळी देतात तशी. "सावकाश, सावकाश."

उरलेलं चित्र पूर्ण केलं. काय काढलं ते मलाही माहीत नाही. बैल नव्हता.

"कळवू," म्हणाले.

२४ एप्रिल

काही नाही.

२ मे

कळलं. जूनपासून गोरख कायम. मला सहानुभूती. ग्रंथालयात जागा निघाली तर विचार करू. ग्रंथालय म्हणजे स्टाफरूममधलं एक कपाट.

शालिनी रडली नाही. भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

५ मे

सुई-लोकर माळ्यावर टाकली. शालिनीने पाहिलं. दुपारी मुली आल्या. मी आत झोपून ऐकत होतो. "आता दोन्हींतून एकदम काढ. हां. शाब्बास." कुणाला शाब्बास म्हणाली, दिसलं नाही.

१३ मे

माळ्यावरून परत काढली. हाताला करमत नाही. चित्र काढावंसं वाटत नाही, हे मात्र हाताला हवंय. माझं काही चाललं असतं तर ह्याच्या उलट झालं असतं. सबंध ओळ न अडकता झाली. पोलादी सुईची ट्यूब काढून टाकली तरी झाली. लोकर सोडून बारीक दोरा घेतला तरी.

हात शिकला. जे नको होतं ते.

२१ मे

मु.अ. आले. शालिनी पाण्याला गेली होती. ओट्यावर बसले. मुलींचे रुमाल तारेवर वाळत होते, ते हातात घेऊन घेऊन बघितले.

मला वाटलं ग्रंथालयाचं असेल.

म्हणाले, जूनपासून मुलींसाठी शिवण-विणकामाचा वर्ग सुरू करायचाय. बाई हवी. नगरहून कुणी इथं यायला तयार नाही, पाणी नाही म्हणून. "वहिनींनी लग्नाआधी शिवणाची परीक्षा दिलेली आहे ना? आणि शकूची आई सांगत होती, फार छान शिकवतात. तुमच्यासारख्याला..." मग थांबले. "म्हणजे, तुमच्या हातालासुद्धा त्यांनी वळण लावलं."

"त्यांना विचारलंत?"

"छे छे. आधी तुमची संमती. तुम्ही हो म्हणालात तर मग त्यांच्याशी बोलू."

बघतो म्हणालो.

शालिनी आली तेव्हा ते कोपऱ्यावर वळत होते. "काय म्हणत होते?"

"सहज आले होते."

२२ मे

सांगितलं नाही.

२४ मे

सांगितलं नाही. तोंड उघडतो नि दुसरंच बोलतो. आज म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे. नव्हतं कमी.

ती त्या स्टाफरूममध्ये बसणार. माझी खुर्ची खिडकीशी होती, तिचा एक हात मोडका. गोरख तिला वहिनी म्हणेल का बाई म्हणेल? मी घरी. दुपारी मुली येणार नाहीत, कारण बाई शाळेत. मी एकटा ओट्यावर रुमाल विणत.

आणि नाही म्हटलं तर? तर मु.अ. दुसरी बाई शोधतील. शालिनीला कळणारही नाही. इतकं सोपं आहे. हे सोपं आहे हेच डोक्यातून जात नाही.

२९ मे

दादाला विचारलं. बाजाराला आला होता. म्हटलं, समज असं असं असेल तर?

बराच वेळ तंबाखू मळत बसला. "माजी बाईल माज्या शेजारी खडी फोडती. मला कुनी इचारलं न्हाई, पाठवू का म्हनून. मुकादमानं तिचं नाव लिवलं, ती आली." मग म्हणाला, "पर तुमची गोष्ट येगळी. तुमी मास्तर लोक."

ही मस्करी होती का, कळलं नाही.

३ जून

कळलं तिला. शकूच्या आईने रांगेत विचारलं, "मग बाई, सरांनी हो म्हटलं का शाळेला?"

घरी येऊन घागर ठेवली. पदराने हात पुसले. मी दोऱ्याचा गुंता सोडवत बसलो होतो.

"केव्हा आले होते मु.अ.?"

"त्या दिवशी."

"कुठल्या?"

सांगितला दिवस.

"आणि मला केव्हा सांगणार होता?"

"विचार करत होतो."

"कशाचा? माझ्या कामाचा विचार तुम्ही करत होता. एकटेच. मी रोज इथं समोर होते."

म्हटलं, माझी नोकरी गेली ते तुला दिसत नाही का? माझ्याच शाळेत...

"दिसतं ना. सकाळी तुमच्या शर्टाची बटणं लावत होते तेव्हापासून दिसतं. तुम्ही बटण लावायला लागलात, ते मला सांगितलंत का? मी लपून पाहिलं. आनंद झाला तो लपून करावा लागला."

आवाज चढला नव्हता. नंदा दारात उभी होती. तिला बाहेर जा म्हणायलाही सुचलं नाही.

५ जून

बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलते. जेवा. पाणी तापलं. दुपारी मुलींना शिकवते, त्यांच्याशी हसते. मी कोपऱ्यात बसत नाही आता.

८ जून

मु.अ.चा निरोप. सोमवारी शाळा उघडतेय, त्याच्या आत सांगा.

शालिनी समोर येऊन बसली. शिकवायला बसायची तशी, गुडघ्याला गुडघा.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर मी जाणार नाही, नि कुणाला सांगणारही नाही. पण तुम्ही म्हणा."

म्हटलं, "तुझं तू बघ."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की... मी रेघ काढणारा माणूस, तिचा चेहरा मला आत्ता काढता येणार नाही. दोन्ही हात धड असते तरी.

१० जून

रविवार. तिने ट्रंक उघडली होती. जांभळी सुती साडी काढून उशीखाली ठेवली इस्त्रीला. ही साडी ती लग्नाकार्यालाही नेसते, दवाखान्यालाही. तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, "अगं."

"काय?"

"काही नाही."

"हं," म्हणाली.

एवढंच बोलणं. एक शब्द पुढे आला असता तर. तोंडाशी आला होता, हेही खरं. पण कुठला, ते सांगता येणार नाही.

११ जून

सकाळी लवकर उठली. माझ्या चहाचा कप झाकून ठेवला. नंदाची वेणी घातली, स्वतःची घातली. जांभळी साडी. चपला घालताना नंदा म्हणाली, "आई, तू पण?"

"मु.अ.ना भेटून येते. निरोप मागितलाय ना त्यांनी. कुणीतरी द्यायला हवा."

काय निरोप देणार, ते बोलली नाही. मी विचारलं नाही. दारात वळून "येते" म्हणाली. नेहमी मी 'ये' म्हणतो. आज फक्त मान हलवली. तिला ती हो वाटली असेल का नाही?

दोघी बोळातून गेल्या. नंदाने तिचा हात धरला होता. मैत्रिणी बघतील म्हणून ती हल्ली कुणाचा हात धरत नाही.

शाळा इथून फार लांब नाही. घंटा ऐकू आली. मग प्रार्थना, पोरांचा आवाज, मग शांत. पहिला तास लागला असेल. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला कुणी शिकवत नाही, नावं विचारतात.

नाही सांगून यायला एवढा वेळ लागत नाही. पण मु.अ. बोलत बसतात, त्यांचं काही खरं नाही.

आत्ता दुसरी घंटा झाली. बोळात कुणी नाही. चहा तसाच झाकलेला.